मधले तास

"तुम्हीच का ती सिस्टिम?"

ताईने स्क्रीनवरून नजर उचलली. टेबलापलीकडे एक उंच, हाडापेराने मजबूत बाई उभी होती. अंगात धुऊन धुऊन रंग उडालेला निळा एप्रन, बाह्या कोपरावर सरकवलेल्या, बोटांची टोकं पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली. तिच्या मागे वॉचमन धापा टाकत होता.

"मी अडवत होतो ताई. ऐकतच नाहीत या."

"असू दे. जा तू," ताई म्हणाली. ऑफिसात लहानमोठे सगळे तिला ताईच म्हणत. पगाराच्या चिठ्ठीवर सोडलं तर तिचं नाव कुठे उरलं नव्हतं. "बसा ना. कुठली सिस्टिम?"

"बसायला नाही आले मी." बाईने एक कागद टेबलावर आपटला. "खाली पत्ता तुमचाच आहे ना? सुपरवायझरला विचारलं, तो म्हणतो सिस्टिमने लावलं. मोठ्या साहेबांना विचारलं, ते म्हणतात सिस्टिमने लावलं. नळाला गढूळ पाणी आलं की शेवटी टाकीवरच चढून बघावं लागतं. म्हणून आले. तर तुम्हीच का?"

तो हॉस्पिटलच्या लाँड्रीचा ड्यूटी चार्ट होता. कुणाची पाळी किती वाजता सुरू, याचा. बाईने एका ओळीवर ओलं बोट ठेवलं आणि तिथला कागद फुगला.

"ही मी. कामाला लागतानाच सांगितलं होतं, पहाटे पाचला बोलवा, सहाला बोलवा. नाहीतर संध्याकाळी सहाला, सातला. मधले तास जमणार नाहीत. त्यांनी ते कम्प्युटरमध्ये घातलं, माझ्यासमोर घातलं. आणि आता हे बघा. बारा, बारा, बारा. रोज दुपारी बाराची पाळी!"

"दुपारी का जमत नाही?" ताईने विचारलं, आणि तोंडातून शब्द निघाल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

"तेपण सांगायला लागेल? बरं, ऐका. नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडलाय. मानेला मार आहे. घास गिळताना जरा चुकला की अन्न श्वासाच्या नळीत जातं. पाठीला उशी लावून, बसवून, चमच्याचमच्याने भरवायचं. सकाळी पोरगी असते घरात, संध्याकाळी असते. दुपारी मी. एवढंच आमचं टाइमटेबल. त्याला कम्प्युटर लागत नाही."

ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सुरुवातीला गेले मी दुपारी. शेजारणीला सांगून गेले. बिचारी मनाने चांगली, पण तिने आडव्या माणसालाच भरवलं. मी पोचले तेव्हा निळे पडले होते ते." बाईचा आवाज एकदम कोरडा झाला. "तेव्हापासून मी आपली पहाटे पाचलाच जाते. मशीन भरते, पिळते, वाळवते, घड्या घालते. पण अंगठ्याचं यंत्र म्हणतं, तुमची पाळी नाही. आत राबतेय आणि गैरहजर! मेलेलं माणूस आणलं तरी त्याची नोंद होते हो तुमच्या हॉस्पिटलात, आणि मी जिवंत असून होत नाही."

"आमचं नाही ते हॉस्पिटल."

"नसेल. चार्ट तर तुमचा?"

ताईने चार्ट जवळ ओढला.

"आता नोटीस दिलीय. कामचुकार म्हणून काढून टाकणार. आज सुनावणी. किती वाजता असेल सांगा? दुपारी एक." ती हसली, पण ते हसू गालांपर्यंत पोचलं नाही. "दुपारी का येत नाहीस ते सांगायला दुपारी ये!"

"पण जाल ना तुम्ही?"

"कशी जाईन? एक वाजता मी घरी असते. तेच तर सांगतेय ना केव्हाची!"

ताईने मान खाली घातली.

"भांडायला आले होते," बाई म्हणाली. "तुम्ही इतक्या हळू बोलता की भांडणच पेटत नाही. कागद राहू दे इथे. नोकरी जायची तर जाईल, हात आहेत मला. पण माझ्या नावापुढे कामचुकार लिहू नका. ते पोरीला वाचायला लागेल. तेवढं बघा."

आणि आली तशी ताडताड निघून गेली.

आवाज चढवायचा नाही, हा ताईचा कित्येक वर्षांचा नेम होता. राग आला की तिचा आवाज चढण्याऐवजी खाली जायचा. आत्ता तिने स्वतःशीच काहीतरी पुटपुटलं, ते शेजारच्या टेबलापर्यंतसुद्धा गेलं नाही. मग तिने हॉस्पिटलची फाइल उघडली.

हॉस्पिटलं, गिरण्या, पाण्याची पंपघरं, जिथे जिथे पाळ्यांमध्ये काम चालतं तिथला चार्ट लावून देणारा प्रोग्रॅम ही कंपनी विकायची. त्या प्रोग्रॅमचं काळीज ताईने लिहिलं होतं. सगळा खेळ आकड्यांचा. प्रत्येक माणसामागे एक आकडा, पाळी सुरू होण्याचा तास. तो तास कोणकोणता असू शकतो, त्या सगळ्यांचा मिळून एक संच. पुस्तकवाले त्याला डोमेन म्हणतात. ताई टोपली म्हणायची. भरलेल्या टोपलीपासून सुरुवात करायची आणि एकेक नियम लावत आतले तास काढून टाकायचे. दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती हवी, काढा हे तास. मशीनवर माणसं कमी पडता कामा नयेत, काढा ते. एकीची टोपली आटली की तिच्यापायी दुसरीची आटते, दुसरीपायी तिसरीची. शेवटी प्रत्येकीच्या टोपलीत एकच तास उरला, की चार्ट झाला. आणि एखाद्या टोपलीत काहीच उरलं नाही, तर प्रोग्रॅमने थांबायचं आणि स्वच्छ सांगायचं, हे जमत नाही.

रिकाम्या टोपलीला नवशिके घाबरतात. ताईला त्यात कधी कमीपणा वाटला नव्हता. नसलेलं आहे म्हणून दाखवण्यापेक्षा नाही म्हणणं बरं, असं घरात शिकलेली ती.

तिने त्या बाईची टोपली उघडली. आत पाच, सहा, अठरा आणि एकोणीस, एवढेच आकडे असायला हवे होते. होतं असं: पाच ते एकोणीस. पाचपासून एकोणीसपर्यंतचे सगळे तास, सलग. मधला खड्डा कुणीतरी बुजवून टाकला होता.

नुसती दोन टोकं धरून काम चालवणं ही या धंद्यातली जुनी युक्ती. सगळी टोपली चिवडत बसण्यापेक्षा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवायचा, काम कितीतरी पटींनी लवकर उरकतं. त्यात पाप नाही, ताईनेच तसं लिहिलं होतं. पण मग शेवटी, तास नेमताना, तो माणसाने दिलेल्या तासांत खरोखर होता का, हे एकदा पडताळायचं असतं. ती पडताळणीची ओळसुद्धा ताईनेच लिहिली होती. ती शोधत खाली गेली.

ओळ होती. तिच्या आधी दोन तिरक्या रेघा मारलेल्या होत्या. अशा रेघा मारल्या की मशीन ती ओळ वाचत नाही, ओळ नुसती दिसायला उरते. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसारखी, घरात असून नसलेली. रेघा कुणी मारल्या आणि केव्हा, तेही शेजारी होतं. कंपनीच्या साहेबांनी. हॉस्पिटलला पहिल्यांदा प्रोग्रॅम दाखवला, त्या दिवशी सकाळी.

त्या दिवशी ताई रजेवर होती. भावाच्या घरी कपाटवाला यायचा होता आणि भाऊ-वहिनी दोघांनाही वेळ नव्हता. परक्या घरात, परक्या सोफ्यावर बसून ताई दिवसभर ड्रिलचा आवाज ऐकत होती.

आणि नेमका आत्ता त्याच भावाचा फोन आला.

"अगं, दुपारी आमच्याकडे गळती बघायला प्लंबर येतोय. जाऊन बसशील का जरा? दोनएक तासांचं काम."

"मी ऑफिसात आहे."

"ते माहितेय गं. पण तुझं काय, तू मोकळीच असतेस. ना मूल ना बाळ, ना कुणाचा डबा."

ताईने फोन कानापासून जरा लांब धरला. ती सकाळी ऑफिसात जाते आणि रात्री घरी येते, ही दोन टोकं भावाला पाठ होती. मधलं सगळं त्याच्या लेखी रिकामं. आजवर त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

"मला जमणार नाही," ती म्हणाली.

मग भाऊ काळजीने म्हणाला, "बरं वाटत नाहीये का तुला?"

तिने फोन ठेवला आणि साहेबांच्या केबिनकडे निघाली.

साहेब वयाने ताईपेक्षा बरेच लहान. सगळं त्यांना पाहिजे तेव्हा, पाहिजे तसं, लगेच लागायचं, म्हणून माघारी त्यांचं नाव झटपट. नवे नवे आले तेव्हा ताईच्याच शेजारी खुर्ची ओढून बसायचे, आणि तिच्या डब्यातलं खायचे.

"या या ताई, बोलावणारच होतो तुम्हाला. हॉस्पिटलचा फोन होता. त्यांची आज काहीतरी सुनावणी आहे, आपल्याकडून एक पत्र हवंय त्यांना. मी मजकूर केलाय. तुम्ही सही तेवढी ठोका. प्रोग्रॅम तुमचा, म्हणजे वजन तुमच्या सहीला."

मजकूर एका वाक्याचा होता. कर्मचाऱ्याने दिलेल्या मर्यादेबाहेरची वेळ आमचा प्रोग्रॅम कधीही नेमत नाही.

"मर्यादा म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे पाच ते एकोणीस. बारा त्याच्या आत येतो की नाही? अक्षर न् अक्षर खरं आहे."

"तिने पाच ते एकोणीस सांगितलं नव्हतं. तिने चार आकडे सांगितले होते."

"म्हणजे बघितलंत तर तुम्ही." साहेब खुर्चीत मागे रेलले. "हे बघा ताई, त्या दिवशी सगळे समोर बसणार होते. डॉक्टर, हिशेबवाले, सगळे. तुमचा प्रोग्रॅम आपला फिरतोय, फिरतोय, आणि शेवटी म्हणतो काय? जमत नाही! सकाळी रंगीत तालमीतच ही गत. काय सांगणार होतो मी त्यांना? आमचं मशीन फार प्रामाणिक आहे हो, चहा घ्या आणि घरी जा?"

"हो. हेच सांगायचं होतं."

"लोक 'जमत नाही' विकत घेत नाहीत."

"म्हणून तुम्ही दुसऱ्यांचं 'जमत नाही' पुसून टाकलंत. त्यांना न विचारता."

"एका बाईसाठी एवढं…"

"एक बाई टाकीपर्यंत चढून आली. बाकीच्या नळाशीच बसल्या असतील तोंड बांधून."

"कसली टाकी?" साहेबांना पुढे वाकावं लागलं, कारण ताईचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "जरा मोठ्याने बोला ना."

"नाही. तुम्ही कान द्या. टोपली रिकामी झाली तर काय करायचं, हे मी तुम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. थांबायचं आणि सांगायचं. तुम्ही तेव्हा मान डोलावली होती. ती मान डोलावणं खोटं होतं, एवढंच आज कळलं. त्या बाईच्या नवऱ्याच्या घशात घास अडकला. निळा पडला तो. त्या दोन रेघा तुम्ही मारल्यात ना, त्या तिथे लागल्या."

"तुम्ही फारच मनावर घेता ताई."

"मग कशावर घेऊ?"

साहेबांनी पेन पुढे सरकवलं. ताईने ते परत त्यांच्या बाजूला सरकवलं. थोडा वेळ ते पेन टेबलावर दोघांच्या मधे तसंच पडून राहिलं.

"आतलं बोलणं बाहेर नेलं की काय होतं, तुम्हाला माहितेय," साहेब आता वेगळ्याच आवाजात म्हणाले. "आणि या वयात तुम्हाला दुसरीकडे कोण उभं करणार?"

"बसायलाच मिळालं पाहिजे असं काही नाही," ताई म्हणाली. "त्या बायका दिवसभर उभ्याच असतात."

जागेवर येऊन तिने त्या दोन रेघा खोडल्या. खोडायला काही वेळ लागला नाही. मग हॉस्पिटलचा चार्ट पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतला आणि मांडीवर हात ठेवून बसली. टोपल्या आटत गेल्या. पहाट भरली, सकाळ भरली, संध्याकाळ भरली. दुपारी बारापाशी येऊन प्रोग्रॅम अडला. एकीकडे वळला, मागे आला, दुसरीकडे वळला, मागे आला. आंधळ्याने भिंत चाचपावी तसा तो प्रत्येकीचे तास चाचपून बघत होता. शेवटी थांबला. जमत नाही.

एकट्या त्या उंच बाईचंच नव्हतं. लाँड्रीतल्या एकीनेही मधल्या तासांना हो म्हटलेलं नव्हतं.

ताईने लॅपटॉप पिशवीत घातला आणि ती बाहेर पडली. वॉचमनने घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिला अशा वेळी बाहेर पडताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

सुनावणीची खोली म्हणजे हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांच्या ऑफिसातला एक कोपरा. टेबलाच्या एका बाजूला व्यवस्थापक, डोळ्यांखाली काळं आलेला, जेवायला वेळ न मिळालेला माणूस. शेजारी लाँड्रीचा सुपरवायझर. समोर एक रिकामी खुर्ची.

"बघा साहेब," सुपरवायझर सांगत होता, "आजसुद्धा नाही. नोकरीवर गदा आलीय तरी यायला नको. गैरहजरच लिहू ना?"

"लिहा," ताई दारातून म्हणाली, "आणि पुढे हेही लिहा, की येणार नाही असं तिने आधीच सांगितलं होतं."

आपण कोण ते तिने सांगितलं. व्यवस्थापकांना वाटलं पत्र आलं. त्यांनी हात पुढे केला. ताईने त्या हातात काही दिलं नाही. ती रिकाम्या खुर्चीत बसली.

"पत्र नाही. मी सांगायला आलेय, हा चार्ट खोटा आहे. तिने दिलेले चार तास आमच्या प्रोग्रॅमने दोन टोकांमध्ये दाबून टाकले. मधलं सगळं चालतं असं गृहीत धरलं. दुपारी तिला अंथरुणावरच्या नवऱ्याला भरवायचं असतं. तिची काही चूक नाही."

"असं कसं?" सुपरवायझर उसळला. "सिस्टिमने लावलंय ते!"

"सिस्टिम म्हणजे कोण हो?" ताई त्याच्याकडे वळली. "रोज म्हणता ना सिस्टिमने लावलं, सिस्टिमने लावलं? मी आहे ती सिस्टिम. बघून घ्या नीट. दोन डोळे आहेत, एक चष्मा आहे. आणि मी सांगते, मी लावलं नाही. ती पहाटे पाचला येऊन काम करत होती, ते दिसत नव्हतं तुम्हाला?"

"दिसत होतं. पण अंगठा लागत नव्हता ना."

"बाई दिसत होती आणि अंगठा दिसत नव्हता!"

व्यवस्थापकांनी कपाळ चोळलं. "एक मिनिट. तुमच्याच कंपनीने आम्हाला दाखवलं, एवढ्या माणसांत लाँड्री चालते. मी आधीच स्पष्ट विचारून ठेवलं होतं, दुपारच्या बायका कमी केल्या तर भागेल का? त्या दिवशी मशीनने चार्ट काढून दाखवला. त्या भरवशावर मी दुपारच्या बायका कमी केल्या."

म्हणजे प्रोग्रॅमने त्या दिवशी 'जमत नाही' म्हटलं होतं ते या प्रश्नाचं उत्तर होतं. सरळ प्रश्न होता, सरळ उत्तर होतं. रेघा मारून त्याचं 'जमतं' केलं, आणि त्यामुळे घरी बसवलेल्या बायकांची तोंडंसुद्धा तिने पाहिली नव्हती.

"मशीन तुम्हाला नाही म्हणालं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला ते ऐकू दिलं नाही."

तिने कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर लिहिलं, की हा चार्ट कर्मचाऱ्यांनी दिलेले तास डावलून केलेला आहे, आणि तो वापरू नये. खाली सही केली. पूर्ण नाव लिहिताना हात क्षणभर अडखळला, फार दिवसांत लिहायची वेळ आली नव्हती.

व्यवस्थापकांनी कागद दोनदा वाचला. "हे तुमच्या अंगाशी येईल, कल्पना आहे ना?"

"तिच्या नवऱ्याला काही झालं असतं, तर बाराची पाळी कुणाच्या सहीने लागली हे विचारलं असतं लोकांनी. चार्टखाली सही तुमची आहे. माझ्या अंगाचं राहू द्या."

त्यांनी नोटीस ओढून घेतली आणि तिच्यावर आडवं 'रद्द' लिहिलं. ताई उठली नाही.

"आणि पहाटेचे दिवस? राबली ते?"

"हजर लावतो."

"कामचुकार हा शब्द?"

त्यांनी तो शब्दही खोडला, नीट, शाई पलीकडे उमटेपर्यंत.

"झालं? आता मला एक सांगा," ते म्हणाले. आवाजात चीड होती आणि थकवाही. "हा चार्ट खोटा. खरा कुठला मग? दुपारी कोण येणार?"

"कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे?"

"म्हणजे कुणी नाही. मशीनने सगळं चाचपून बघितलं. तुमच्याकडे दुपारचं माणूसच नाही. आत्ता खाली ज्या उभ्या आहेत, त्या सगळ्यांनी मधले तास नको म्हणून सांगितलेलं आहे. त्यांना सोडा."

"अहो, पेशंट आहेत वर! चादरी लागतात."

ताईला ते लागलं. वर कुणीतरी ओल्या चादरीवर पडून असेल, हे तिलाही दिसत होतं. पण ती बोलली तेव्हा आवाज इतका खाली गेला होता, की सुपरवायझरनेही कान पुढे केला.

"लागतात ना? मग माणसं परत बोलवा. ज्यांना घरी बसवलंत त्यांना बोलवा. चादरी आपोआप धुतल्या जातायत तोवर तुम्ही बोलावणार नाही. मी ओळखते ना. मलाही लोक आपोआप हजर होणारी समजतात."

जिन्यात असताना तिच्या फोनवर साहेबांचा निरोप आला. उद्या येताना ऑफिसची चावी आणा, परत द्यायची आहे. तिने तो वाचला आणि उरलेल्या पायऱ्या उतरली.

खाली वाफ दाटली होती. मोठाले ड्रम गरगरत होते, जमीन थरथरत होती. तिघी बायका एप्रन घालून उभ्या होत्या. त्यांच्यातली म्हातारी, जिला बाकीच्या मावशी म्हणत, ती पिळलेल्या चादरी ओढून काढत होती. ताईच्या मागोमाग व्यवस्थापक आणि सुपरवायझर आलेले बघून तिघींचे हात थांबले.

ताईने त्यांना घरी जायला सांगितलं. मशीनच्या आवाजात तिला पुन्हा सांगावं लागलं.

"जाऊ? खरंच?" एक म्हणाली. "आणि उद्या गैरहजर लावलं म्हणजे?"

"लावणार नाहीत. हे इथेच आहेत, यांच्या तोंडून ऐका."

सगळ्या व्यवस्थापकांकडे बघू लागल्या. त्यांनी घसा साफ केला. काहीतरी वेगळं बोलायचं त्यांच्या मनात होतं, पण समोर तीन ओले चेहरे होते.

"जा," ते म्हणाले.

"अगं बाई," मावशी म्हणाली, "सूर्य कुठे उगवला आज? माझा नातू शाळेतून येऊन दारात बसतो हो कुलपाकडे बघत. हे मी कुणाला सांगत नव्हते का? मुकादमालाच सांगत होते." मुकादम म्हणजे सुपरवायझर. तो भिंतीवरचा चार्ट वाचू लागला.

"गप गं मावशी, साहेबांचा विचार बदलेल," दुसरी म्हणाली, आणि तिघी घाईघाईने हसल्या.

मावशीने एप्रनला हात पुसले. ड्रमच्या बाजूला जाऊन तिने खटका खाली ओढला. पिशव्या उचलून त्या बाहेर पडल्या. जाताना एकीने ताईच्या दंडाला नुसता हात लावला. तो दंडावर ओला उमटला.

ड्रम एकदम थांबला नाही. वजनदार चाक असतं ते, त्याला वेळ लागतो. फिरत राहिला, मग रेंगाळला, मग अर्धा वर जाऊन परत खाली आला. आतल्या चादरींचा गोळा धप्पकन पडला. त्यानंतर एवढी शांतता झाली, की वाफेच्या नळीतलं पाणी ठिबकताना ऐकू आलं.

वॉर्डातून ढकलगाडी आली. आणणाऱ्याने पायाने दार लोटलं. गाडीवर मळक्या चादरींची गाठोडी त्याच्या हनुवटीपर्यंत आली होती.

"कुठे टाकू?" त्याने विचारलं.

व्यवस्थापकांनी सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझरने इकडेतिकडे बघितलं. ओरडायचं कुणावर? तिथे कुणी नव्हतं.

गाडीवाल्याने थोडी वाट पाहिली, मग गाठोडी दारातच उतरवली. एक सुटलं आणि त्यातली चादर व्यवस्थापकांच्या बुटांपर्यंत पसरत गेली. त्याच्यामागे बोळात दुसरी गाडी येऊन उभी राहिली होती.

ताईने भिंतीला पाठ लावली आणि त्या गाडीला वाट करून दिली.